तात्या, माळ आणि बिअरची काहील

आमच्या तात्यांच्या, म्हणजे माझ्या चुलत्यांच्या, गळ्यात तुळशीची माळ आहे. पंढरपुरात घातलेली, चाळीसएक वर्षांपूर्वीची. त्यामुळे 'चला तात्या, गोव्यात बिअर कशी करतात ते बघून येऊ' असं म्हणायची घरात कुणाची छाती नव्हती. ते आपणहून म्हणाले.

त्याचं असं झालं. तात्यांच्या लेकीचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाला. दोन हंगाम साखर कारखान्याच्या लॅबमध्ये रसाचे नमुने तपासले आणि मग गोव्यात समुद्राकाठच्या एका लहानशा क्राफ्ट ब्रुअरीत लागला. भोगावतीकाठच्या आमच्या गावात त्याच्या आईनं 'गोव्यात फूड कंपनीत हाय' असं सांगून ठेवलेलं. दिवाळीत कुणीतरी मोबाईलवर फोटो दाखवला. स्टीलच्या टाक्यांसमोर गमबूट घालून उभा असलेला नातू, आणि मागच्या पाटीवर जे लिहायचं ते सगळं लिहिलेलं. तात्या काही बोलले नाहीत. पुढचे चार-पाच महिनेही नाहीत. एप्रिलात गुऱ्हाळं थंडावली, आणि एका संध्याकाळी मला म्हणाले, "काय रं, त्या पोराच्या कंपनीत काहील केवढी हाय?"

तात्या गुळव्या आहेत. कोल्हापूरबाहेरच्यांसाठी सांगतो, काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, उकळणाऱ्या रसाकडं बघून गूळ कधी उतरायचा हे ठरवतो तो गुळव्या. 118 अंशांच्या आसपास गूळ होतो असं पुस्तकात असतं. तात्या गार पाण्यात थेंब टाकून गोळी बघतात. मजूर मिळेनात म्हणून आमचं स्वतःचं गुऱ्हाळ कधीच बंद झालं, पण हंगामात तात्यांना अजून दुसऱ्यांच्या गुऱ्हाळावर बोलावणं येतं.

तर निघालो. मी, तात्या, काकूंनी बांधून दिलेल्या दशम्या, भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि नातवासाठी गुळाचा पाच किलोचा रवा, म्हणजे ढेप.

पहिला दिवस

कागल, निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज. या रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, रोजचाच आहे. आजऱ्याला चहा घेतला. घनसाळ तांदळाची पाटी बघून तात्या उतरले, भाव विचारला आणि परत गाडीत बसले. आजऱ्यापुढं काजूची झाडं दिसायला लागतात. एका वळणावर झाडाखाली लालपिवळ्या बोंडांचा सडा पडलेला. बिया काढून घेतलेल्या, बोंडं तशीच टाकलेली. काच खाली होती. तात्यांनी नाक वर केलं.

"आंबलं," म्हणाले.

हा शब्द तात्यांच्या तोंडी शिवीसारखा येतो. ऊस तोडून दोन दिवस पडला, आंबला. चरकाखालची रसाची टाकी रात्री धुतली नाही, आंबलं. एकदा आमच्याच गुऱ्हाळावर चरकाचं इंजिन बंद पडलं आणि काहिलीखालचं चुलवाणही विझलं. टाकीतला रस रातभर तसाच राहिला. सकाळी मालक म्हणजे माझे वडील म्हणाले, उकळून तर बघू. तात्यांनी उकळला. गूळ बसलाच नाही. रस आंबायला लागला की साखरेची मोडतोड होते, मग कणी धरत नाही, कितीही घोटा. त्या आदणाचं, म्हणजे काहिलीत एका वेळी चढवलेल्या रसाचं, जे चिकट काहीतरी झालं ते म्हशींच्या पेंडीत गेलं. वडील आणि तात्या आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते.

आंबोलीत एप्रिलात बघायला कोरडे धबधबे असतात. घाट उतरून दुपारी सावंतवाडी. मोती तलावाकाठी बसून तात्यांनी भाकरी सोडली, मी समोरच्या खानावळीत बांगडा खाल्ला. मग चितारआळीत लाकडी फळं बघितली. लाकडाची सीताफळं, लाकडाचे पेरू, लाकडाचं केळं. तात्यांनी एक आंबा हातात घेऊन वास घेतला आणि दुकानदारासकट सगळे हसलो. मुक्काम तिथंच. रात्री तात्यांना सोलकढी फार आवडली, तीन वाट्या घेतल्या.

दुसरा दिवस

भाचा म्हणाला होता, बघायचंच असेल तर सकाळी सातला या, आदण चढायच्या आधी. तो 'आदण' म्हणाला हे तात्यांना मी मुद्दाम सांगितलं नव्हतं.

पहाटे निघून बांदा, पत्रादेवी करत गोव्यात शिरलो. गाव तसं छोटं, एका बाजूला होड्या आणि वाळत घातलेली जाळी, दुसऱ्या बाजूला पर्यटकांची हॉटेलं. ब्रुअरी या दोन्हींच्या मधे, पत्र्याच्या जुन्या गोदामात. मला वाटलेलं काहीतरी चकचकीत असेल. आत ओली फरशी, रबरी पाइपांची भेंडोळी, चार-पाच टाक्या. दुधाचं शीतकरण केंद्र बघितलं असेल तर तसंच समजा. वास मात्र वेगळा, लाह्या भाजल्यासारखा.

भाच्यानं वाकून नमस्कार केला. तात्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पहिलं वाक्य बोलले, "बूट काढू का?"

बूट काढायचे नव्हते, उलट गमबूट घालायचे होते. धोतर गमबुटात खोचलेले तात्या. याचा फोटो मी काढला आहे, पण घरात कुणाला दाखवलेला नाही.

कच्चा माल म्हणजे सातू, जव. भिजवून मोड आणलेले आणि भट्टीत वाळवलेले. त्यालाच माल्ट म्हणायचं. तात्यांनी चार दाणे तोंडात टाकले. "नाचणीचं सत्त्व करतो तसंच की. मोड आणायचं, वाळवायचं, दळायचं." भाचा म्हणाला, "तेच, आबा." मग दळलेला 100 किलो माल्ट 66 अंशांच्या पाण्यात कालवला आणि झाकण लावून ठेवला. तासभर.

"शिजवत न्हाईस?"

"शिजवलं तर बिघडतं. मोडात जी विकरं असतात ना, ती पिठाची साखर करतात. 66 ला त्यांचं बरं चालतं. 80 च्या वर गेलं की कामच थांबतं."

म्हणजे उसात साखर आयती येते, इथं आधी पिठाची साखर करून घ्यावी लागते. हे तात्यांना पटलं, पण त्यात त्यांना थोडी गरिबीही दिसली. तासाभरानं भाच्यानं पांढऱ्या बशीत त्या पेजेचे थेंब घेतले आणि वर आयोडिनचा थेंब सोडला. निळंकाळं झालं तर पीठ शिल्लक, तांबूस राहिलं तर सगळ्याची साखर झाली. तांबूस राहिलं. तात्या बशीवर वाकून बघत होते. "ही तुझी गोळी," म्हणाले.

पुढची गोष्ट मला स्वतःला फार आवडली. रस गाळायला गाळणं वेगळं नसतंच. दाण्यांची टरफलंच टाकीच्या तळाशी थर धरतात आणि त्यातून रस गाळून येतो. पहिला रस गढूळ येतो, तो परत वर ओतायचा. दोनचार फेऱ्यांनी कोऱ्या चहासारखा स्वच्छ रस यायला लागतो. भाच्यानं एक पेला भरला आणि तात्यांसमोर धरला.

तात्या पेल्याकडं बघत राहिले. "ह्यात दारू न्हाई न्हवं?"

"अजून यीस्ट कुठं घातलंय? नुसतं साखरपाणी आहे."

प्यायले. तोंडात घोळवून, सावकाश. मग विचारलं, "ब्रिक्स किती?" म्हणजे रसात साखर किती टक्के.

भाच्यानं रिफ्रॅक्टोमीटर पुढं केला. अकरा. उकळून आटला की बारा होईल.

"बारा!" तात्या म्हणाले. "आमचा रस अठरा-विसाला असतो. बाराचा ऊस आणला तर गुऱ्हाळावरनं परत पाठवू आम्ही. पांचट हाय रं." पण पेला रिकामा केला.

रस उकळायच्या टाकीत गेला तसे तात्या टाकीखाली वाकून काहीतरी शोधायला लागले. जाळ शोधत होते. जाळ नव्हता, ती विजेवर तापत होती. ज्याची हयात चुलवाणाच्या धगीत गेली, चिपाडं टाकणाऱ्या गड्याला 'वाढीव' आणि 'थांब' एवढ्या दोन शब्दांवर ज्यानं नाचवलं, त्याला हे बटण काही मानवेना. उकळी मात्र ओळखीची निघाली. वर मळी यायला लागली, तपकिरी, जाड. भाचा हॉप्सची पिशवी आणायला वळला तेवढ्यात तात्या ओरडले, "उतू चाललं!" फेस झाकणाच्या कडेला आला होता. भाचा धावत आला, पाण्याचा फवारा मारला.

"पाणी काय मारतोस? तेलाचं बोट फिरव की."

गुऱ्हाळात फेस बसवायला थोडं तेल सोडतात, ते हे.

"नको, आबा! तेल लागलं तर ग्लासात फेस धरत नाही."

तात्या त्याच्याकडं बघतच राहिले. "म्हंजे तुम्हाला फेस पाहिजे? आम्ही जन्मभर फेस काढून टाकला."

मग हॉप्स. ही एका वेलीची फुलं. आपल्याकडं हिमाचलात लाहौलच्या खोऱ्यात थोडी होतात, यांच्याकडं आलेली मात्र जर्मनीतली. दाबून हिरव्या गोळ्या केलेल्या, फ्रीजरमध्ये ठेवलेल्या. सुरुवातीला घातली की तासभर उकळून कडवटपणा येतो, शेवटी घातली की नुसता वास राहतो. तात्यांनी गोळी बोटांत चुरली, हुंगली आणि म्हणाले, "गांजा." भाचा चमकला, कारण शास्त्रानुसार हॉप्स आणि गांजा खरोखरच एका कुळातले आहेत. आम्ही दोघांनी एकदमच तात्यांकडं बघितलं. "वारीत बैरागी भेटतात," तात्या म्हणाले आणि विषय संपवला.

उकळी संपायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी भाच्यानं आणखी एक वडी टाकली. कशाची? समुद्रातल्या शेवाळाची. त्यानं रसातला गाळ एकमेकाला चिकटून खाली बसतो. आता तात्या खुलले. कारण आम्ही काहिलीत रानभेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतो तो नेमका याच कामासाठी. मळी धरून वर येते आणि झाऱ्यानं काढता येते. एकाची वर येते, दुसऱ्याची खाली बसते, एवढाच फरक. "तुमच्यात भेंडी न्हाई पिकत व्हय?" असं विचारून त्यांनी झाड कसं कुटायचं, किती वेळ पाण्यात ठेवायचं हे नातवाला सविस्तर सांगितलं. नातवानं ते मोबाईलवर लिहून घेतलं. खरंच वापरणार की आज्ज्याचं मन राखलं, देव जाणे.

उकळलेला रस पत्र्यांच्या यंत्रातून गार करत, अर्ध्या तासात 20 अंशांवर आणून, निमुळत्या बुडाच्या बंद टाकीत सोडला. आणि मग ती वेळ आली. भाच्यानं शीतपेटीतून बरणी काढली. आत खळीसारखं पांढरट काहीतरी.

"हे यीस्ट."

तात्या दोन पावलं मागं सरकले. मी त्यांच्या शेजारी होतो, म्हणून मला दिसलं. सकाळपासून स्वच्छ ठेवलेला, गाळलेला, मळी काढलेला 500 लिटर रस आणि त्यात हा पोरगा स्वतःच्या हातानं आंबवण ओतणार. बरणी उपडी होईपर्यंत तात्या काही बोलले नाहीत. मग माळेला हात लावला.

भाच्याला ते कळलं असावं. तो जरा घाईनं म्हणाला, "आबा, रेणुकेच्या आंबील यात्रेला आपण आंबील पितोच की. ती पण आंबवलेलीच."

"आंबिलीनं माणूस गटारात पडत न्हाई," तात्या म्हणाले.

यावर भाच्याकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडंही नव्हतं. तात्यांचा धाकटा भाऊ कशानं गेला हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. थोडा वेळ कुणीच बोललं नाही, पंप तेवढा चालू होता.

नंतर तीन तास भाच्यानं जे केलं त्याला धुणं म्हणतात. ब्रुअरीतलं निम्म्याहून जास्त काम हेच आहे, हे तिथं गेल्याशिवाय कळत नाही. टाकीत डोकं घालून टरफलांचा चोथा फावड्यानं ओढला, कॉस्टिक सोडा फिरवला, पाणी फिरवलं, मग आम्ल, परत पाणी. पाइपांची तोंडं ब्रशनं घासली. आपलं यीस्ट सोडून दुसरा एकही जंतू आत जाता कामा नये, नाहीतर आंबट होऊन अख्खं आदण गटारात. तात्या खुर्ची घेऊन हे बघत बसले. आम्हाला वाटलं कंटाळले. चारच्या सुमारास माझ्याकडं न बघताच म्हणाले, "धुतोय बरा."

कोल्हापूर सोडल्यापासून त्यांच्या तोंडून नातवाबद्दल निघालेलं हे पहिलं चांगलं वाक्य.

संध्याकाळी भाच्याच्या खोलीवर गुळाचा रवा निघाला. भाचा म्हणाला, एखाद्या आदणात कोल्हापुरी गूळ घालायचा विचार आहे, हा घालू का? मी तात्यांकडं बघायचं टाळलं. आपल्या गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते काय बिअरमध्ये पडायला? पण तात्यांनी वेगळंच विचारलं. "गोड लागंल का त्यानं?"

"नाही. यीस्ट गुळातली साखर जवळजवळ सगळी खाऊन टाकतं. बिअर उलट कोरडी होते."

"मग गुळाचं राहतं काय?"

"वास. थोडा रंग."

तात्या बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "हा खायचा हाय, हा न्हाई घालायचा. आणि घेतलास तर पिवळाधमक घेऊ नकोस. पावडर मारून पांढरा केलेला असतोय, त्याला गंधकाचा वास मारतोय. काळपट घे, बिनपावडरीचा. वास त्यालाच असतोय." थोडं थांबून, "मी सांगितलं म्हणून घरात बोलू नकोस."

आता माझं. ब्रुअरीत दिवस काढून मला एक थेंब मिळाला नव्हता. चुलत्यासमोर पिणार कसं? नऊ वाजता तात्या हरिपाठ म्हणून आडवे झाले आणि भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "जा, पिऊन या जावा. येताना चूळ भरून या."

आम्ही चालत समुद्रावर गेलो. भाच्यानं आणलेली कोकम घातलेली बिअर. जर्मनीत 'गोझ' नावाची धणे आणि मीठ घातलेली आंबटखारट बिअर करतात, तिच्यात यांनी कोकम मिसळलेलं. रंग गुलाबी. खरं सांगू, पहिला घोट मला सोलकढी बिघडल्यासारखा लागला. दुसरा बरा. तिसऱ्यानंतर मत बदललं आणि तेवढ्यात ग्लास संपला. गव्हाची, संत्र्याची साल घातलेली दुसरी होती, ती सरळ आवडली. मागवायला संकोच वाटावा असा भाव होता, पण एवढं धुणं बघितल्यावर तक्रार करायला तोंड राहत नाही.

तिसरा दिवस

निघण्याआधी टाकी बघायला गेलो. टाकीच्या वरून एक पाइप खाली बादलीतल्या पाण्यात सोडलेला असतो, आतला वायू बाहेर पडावा म्हणून. काल रात्री शांत असलेली बादली आता बुडबुडत होती. एकसारखी, डबडब डबडब. तात्यांनी टाकीच्या पत्र्याला तळहात लावून ठेवला, बाळंतिणीच्या खोलीत उभं राहावं तसे उभे राहिले. "लागला कामाला," म्हणाले. नातू की यीस्ट, ते काही मी विचारलं नाही.

मग त्यांची नजर कालच्या चोथ्यावर गेली. 100 किलो माल्टामागं त्याहून जास्त वजनाचा ओला चोथा निघतो. तिथला एक गोपालक तो गाईंसाठी नेतो. तात्यांच्या घरी तीन म्हशी आहेत. "दोन पोती भर," म्हणाले.

"आबा, या उकाड्यात एका दिवसात आंबतो तो."

"मला आंबणं शिकीवतोस?"

पोती डिकीत. वर प्लास्टिक, त्यावर माझी बॅग.

बांद्याच्या पुढं तपासणी नाक्यावर गाडी थांबवली. गोव्यातून महाराष्ट्रात परवान्याशिवाय बाटली आणता येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, आमच्याकडं बाटली नव्हतीही. पण काच खाली केली आणि अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी विसरणार नाही. गाडीला भट्टीचा वास. डिकी उघडली. पोत्यातून पाणी झिरपत होतं.

"काय आहे हे?"

मी तोंड उघडायच्या आत तात्या गाडीतून उतरले. कपाळाला बुक्का, गळ्यात माळ. "सातूचा चोथा. म्हशींना."

"आणि वास कशाचा?"

"त्योच. आंबायला लागलाय."

अधिकाऱ्यानं काठीनं पोतं टोचलं, मूठभर चोथा हातावर घेतला, तात्यांकडं बघितलं, माळेकडं बघितलं. नंतर सीटखाली, बॅगेत, टायरच्या खोबणीत सगळं शोधून झालं. "कुठून आणलात?" तात्या शांतपणे म्हणाले, "नातवाच्या कंपनीतनं. बिअर करतोय त्यो." गावात कुणालाही न सांगितलेली गोष्ट तात्यांनी नाक्यावर खणखणीत आवाजात सांगितली. अधिकारी हसला आणि जा म्हणाला.

कुडाळ, कणकवली, फोंडाघाट. दाजीपूरच्या झाडीत जरा गारवा. राधानगरीला धरणाजवळ थांबलो. शाहू महाराजांनी उभारायला घेतलेल्या या धरणाचं पाणी भोगावतीतून आमच्या उसाला येतं, त्यामुळे तात्या इथं नेहमी हात जोडतात. जोडले. मग डिकी उघडून पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. "आतनं गरम झालंय. घरी गेल्या गेल्या पसरायला पाहिजे, मीठ मारायला पाहिजे."

संध्याकाळी सातला दारात गाडी लागली. काकू ओसरीवर. तात्या आधी उतरले, पोतं ओढायला लागले. काकूंनी वास घेतला, पदर नाकाला लावला. "हे काय आणलंत?"

"फूड कंपनीतनं आणलंय," तात्या म्हणाले. "पेंड हाय."

काकूंनी एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा डिकीकडं, आणि मग माझ्याकडं वळून विचारलं, "खरं सांग. गाडीत कोण पिऊन आलंय?"